चॅनेलचे बारसे



घरात मूल जन्मले की बाराव्या दिवशी पाळणा बांधला जातो. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. पण त्याआधी चार दिवस घरात खल चालतो. कुणी म्हणते आजोबांचे नाव ठेवा, कुणी राशीचे अक्षर काढते. दावणीला नवा खोंड आला तरी त्याला हाक मारायला सोपे, तोंडात बसणारे नाव आपण शोधतो. आणि ज्या नावाने उद्या आपला माल चार जिल्ह्यांत दिसणार, ते चॅनेलचे नाव मात्र पोरे पारावर बसून पाच मिनिटांत टाकून मोकळी होतात. आमच्या घरी हेच झाले. त्यापायी दोन पाठींचे गिऱ्हाईक हातचे गेले, म्हणून आज हा विषय काढला.

माझ्या पुतण्याकडे तीसेक उस्मानाबादी शेळ्या आहेत. गोठा बघते ती सूनबाई. चारा, पाणी, लस, व्यालेल्या शेळीची रात्रीची उठबस, सगळे तिच्याकडे. गेल्या पावसाळ्यात दोघांनी ठरवले, की दर रविवारी सकाळी आठ वाजता मोबाईलवरून गोठा लाइव्ह दाखवायचा. पाहणाऱ्याने जनावर चालताना पाहावे, वजनकाट्यावरचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचावा, तिथल्या तिथे भाव विचारावा. टेम्पोचे भाडे वाचते आणि बाजारापर्यंतची जनावराची दमछाकही वाचते. कल्पना झकास होती. नाव मात्र पुतण्याने एकट्याने ठेवले. इंग्रजीत 'गोट किंग', पुढे खाली आडवी रेघ, मग आडनावाची तीन अक्षरे, शेवटी स्वतःचे जन्मसाल. त्यातही 'गोट'मधल्या 'ओ'च्या जागी शून्य, कारण साधे नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले!

आमचे व्याही पलीकडच्या तालुक्यात राहतात. त्यांना न व्यालेल्या दोन पाठी हव्या होत्या. रविवारी पावणेआठला मी त्यांना फोन लावला.

"सांगा नाव," व्याही म्हणाले.

"गोट किंग. पण त्यातला ओ हा ओ नाही, शून्य आहे."

"शून्य? आनि ते कशापायी?"

"असू द्या. पुढं आडवी रेघ टाका. खाली."

"खाली म्हंजी कुठं खाली, पाव्हणं?"

दहा मिनिटे हे चालले. शेवटी "सापडलं, सापडलं" म्हणत त्यांनी फोन ठेवला. दुपारी त्यांचाच फोन आला. "घेतल्या बरं का दोन पाठी. विसारबी धाडला. तुमचा पुतण्या काय दिसला न्हाई, दुसराच गडी बोलत हुता." व्याही भलत्याच 'गोट किंग'च्या गोठ्यात शिरले होते. त्या माणसाचा काही दोष नाही, त्याच्या शेळ्याही चांगल्या निघाल्या. पण सूनबाई त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलली नाही.

आता यातली मेख लक्षात घ्या. भरून ठेवलेला व्हिडिओ आज नाही सापडला तर उद्या सापडतो. लाइव्हचे तसे नाही. ते बाजारासारखे आहे, उठला की उठला. आठ वाजता सुरू झाले, पावणेनऊला आटोपले. तेवढ्यात ज्याला नाव टाइप करता आले तो आत, बाकीचे वेशीबाहेर. शिवाय अशा वेळी नाव बहुधा कानावरूनच जाते. एस्टीत शेजारचा सांगतो, विहिरीवर मोटार चालू असताना फोनवर ओरडून सांगावे लागते, बैलगाडा शर्यतीच्या भोंग्यावरून पुकारले जाते. म्हणून नाव डोळ्यांना कसे दिसते हे नंतर बघा, आधी कानाला कसे लागते ते बघा.

यूट्यूबवर दोन नावे असतात आणि तरण्या पोरांचाही त्यात गोंधळ होतो. एक चॅनेलचे नाव. ते मराठीत लिहा, मोठे लिहा, तसेच नाव आणखी दहाजणांचे असू शकते. दुसरे 'हँडल', जे 'ॲट द रेट'च्या खुणेने सुरू होते. ते २०२२ च्या अखेरीस आले. आपल्या गावात पांडुरंग पाच असतील, पण गट नंबर प्रत्येकाचा निराळा. तसे हँडल ज्याचे त्याचेच. ते ३ ते ३० अक्षरांचे असते. अक्षरे, आकडे, टिंब, जोडरेघ आणि खालची आडवी रेघ चालते. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांनी फरक पडत नाही. चौदा दिवसांत दोनदा बदलता येते. सोडलेले जुने नाव चौदा दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात, पुढे ते दुसरा कुणीही घेऊ शकतो. तेव्हा ट्रॉलीच्या फाळक्यावर रंगवून घेण्याआधी नाव पक्के करा. (मुलांच्या खेळांचे जे 'ट्विच' म्हणून आहे, तिथे नाव ४ ते २५ अक्षरांचे लागते आणि एकदा बदलले की पुढचे ६० दिवस हात लावता येत नाही.)

हँडल देवनागरीतही घेता येते. मग तेच का घेऊ नये? घ्यावे की, पण सगळ्यांच्या मोबाईलला मराठी अक्षरफलक नसतो, आणि देवनागरी हँडलचा दुवा व्हॉट्सॲपवर डकवला की पुष्कळदा त्याची टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. म्हणून माझे मत असे, की चॅनेलचे नाव ठसठशीत मराठीत आणि हँडल रोमन अक्षरांत.

खरी अडचण या रोमन अक्षरांतच आहे. आपली भाषा त्यांत नीट मावत नाही. 'मळा' हा शब्द एम-ए-एल-ए असा लिहिला, की वाचणारा तो 'माला' वाचेल, 'माळा' वाचेल, नाहीतर 'मला' वाचेल! 'शेती'ला कुणी शेवटी आय लावतो, कुणी डबल ई लावतो, कुणी 'त'साठी टीच्या मागे एच घालतो. 'ळ' आणि 'ण' यांचा तर पत्ताच नाही. आपण लाख वेळा बरोबर सांगू, ऐकणारा आपल्या सवयीनेच लिहिणार. तेव्हा असा शब्द निवडावा जो बहुतेकजण एकाच तऱ्हेने लिहितील. नाव ठरवण्याआधी ते पाचजणांना नुसते फोनवर सांगावे आणि लिहून पाठवायला सांगावे. पाचांपैकी चौघांचे सारखे आले तर नाव चांगले. तिघांचे निराळे आले तर कितीही आवडते असले तरी सोडून द्यावे.

आकड्यांबद्दल माझी थोडी पंचाईत आहे. पोरांना मी सांगतो आकडे नकोत, आणि स्वतः मात्र उसाला 'दोनशे पासष्ट' म्हणतो. 'को ८६०३२'ला 'नीरा' असे गोड नाव आहे, तरी शेतकरी आकडाच सांगतो. पण तो आकडा रानात उभा राहून, टनेज देऊन लोकांच्या तोंडी बसला आहे. तुमच्या पुतण्याच्या जन्मसालाने कुणाला काय दिले? उलट ज्वारीचे बघा. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेले वाण कागदोपत्री 'एम ३५-१' आहे. ते कितीजण म्हणतात? बाजारात पोत्यावर 'मालदांडी'च लिहिलेले असते. लोकांच्या तोंडी आधीपासून जे होते तेच टिकले.

नगर तालुक्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्या स्वयंपाकाच्या चॅनेलचे नाव 'आपली आजी'. त्यात पदार्थाचे नाव नाही, गावाचे नाही, 'किंग-क्वीन' नाही. समोर कोण येणार ते दोन शब्दांत कळते आणि ते शब्द प्रत्येक मराठी पोराला येतात. तमिळनाडूतल्या चिन्न वीरमंगलम गावच्या मंडळींनी तर सरळ 'व्हिलेज कुकिंग चॅनेल' असे बिनमसाल्याचे नाव ठेवले आणि २०२१ मध्ये त्यांचे एक कोटी सदस्य झाले. त्यांना जगभरचा माणूस हवा होता, म्हणून इंग्रजी. तुमचे गिऱ्हाईक पंढरपूर-सांगोल्याचे असेल तर तुम्हाला ते कशाला?

नावात पीक घालताना जपावे. माझ्या ओळखीच्या एकाने चॅनेलच्या नावात डाळिंब घातले. तीन वर्षांत तेल्याने बाग गेली, आता तो पेरू दाखवतो आणि दर वेळी सुरुवातीची दोन मिनिटे खुलासा करण्यात घालवतो. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. शेळीची जात उस्मानाबादीच म्हणवते, पण जुन्या जिल्ह्याचे नाव हँडलमध्ये घालून बसलेल्यांना आता काय करावे कळत नाही.

जन्मसाल, मोबाईल नंबर, मुलीचे पूर्ण नाव हे तर हँडलमध्ये घालूच नये. लाइव्हला कोण येऊन बसले आहे ते आपल्याला दिसत नाही. देवाचे किंवा मोठ्या कंपनीचे नाव घेऊ नये, आणि दुसऱ्याच्या चालत्या नावाला मागे शेपूट लावून तर अजिबात घेऊ नये. आपले लोक तिकडे जातात, हे मी आता पैसे मोजून शिकलो आहे. आणखी एक. मोबाईलवरून लाइव्ह करायला आधी ५० सदस्य लागतात, पहिल्यांदा परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह करणारा १६ वर्षांचा हवा. तेव्हा रविवारी सकाळी उठून सुरू करू म्हणाल तर जमणार नाही.

तर आमच्याकडे पुन्हा बारसे घालायचे ठरले. पुतण्या म्हणाला, माझ्या नावाने ठेवू. मी म्हणालो, आबांच्या नावाने ठेवू. सूनबाई चुलीपाशी होती. तिला विचारले तर म्हणाली, "तात्या, बाजारात लोक काय म्हणत्यात म्हाईत हाय का? चिंचंखालच्या शेळ्या म्हणत्यात."

खरेच की. आमचा गोठा जुन्या चिंचेखाली आहे आणि वीस वर्षे लोक तसेच म्हणतात. पुतण्याच्या नावाने कुणी म्हणत नाही, माझ्याही नाही. चॅनेलचे नाव 'चिंचेखालच्या शेळ्या' ठेवले. हँडलसाठी मात्र 'शेळी' नको, त्यात ळ आला. 'चिंचगोठा' ठरले. पाचजणांना फोनवर सांगितले. चौघांनी सारखे लिहिले, पाचवा चष्मा विसरला होता.

खाते पुतण्याच्या ई-मेलवर होते. सूनबाईलाही त्यात अधिकार द्यायला मी लावला. यूट्यूबमध्ये तशी सोय आहे, पासवर्ड न सांगता दुसऱ्याला कामकाज सोपवता येते. पासवर्ड एकाच्याच डोक्यात ठेवू नये आणि गावभरही सांगू नये. 'आपली आजी'चे चॅनेल २०२० मध्ये चोरांनी ताब्यात घेतले होते, ते पुढे परत मिळाले. नाव इतके लोकांच्या तोंडी झाले की त्यावर डोळाही असतो. जुन्या 'गोट किंग'चे जे शे-सव्वाशे सदस्य होते ते आपोआप राहिले, कारण चॅनेल तेच, नुसते नाव बदलले.

गेल्या रविवारी लाइव्हला बोलायला सूनबाईच उभी राहिली. पुतण्याने मोबाईल धरला. मी व्याह्यांना फोन केला आणि एकदाच नाव सांगितले. पाच मिनिटांनी त्यांनी खाली लिहून विचारले, की ती कान कापलेली तांबडी शेळी केवढ्याला देता.

सूनबाईने वाचले आणि तिथेच सांगितले, "ती इकायची न्हाई, मामा. ती घरची हाय."