कुलूप लावलेले घर

गेल्या जुलैत चिरंजीवांनी आम्हां उभयतांना नॉर्वेच्या जलसफरीला नेले. मी मूळचा उमरीचा. आम्हां नांदेडकडच्या माणसांना पाणी ठाऊक ते विहिरीचे, फार तर गोदावरीच्या पुराचे. जहाज गायरांगरच्या खाडीत शिरले तेव्हा सौभाग्यवतींनी माझी बाही घट्ट धरली होती आणि मी कठडा!

ही खाडी हिमनद्यांनी डोंगर कोरून केलेली. लांबी सुमारे १५ किलोमीटर, दोन्ही बाजूंना ताठ कडे. एका कड्यावरून 'सात बहिणी' हे धबधबे कोसळतात. समोरचा धबधबा त्यांना मागणी घालणारा. सातही जणींनी नकार दिला म्हणे. "आपल्याकडे एव्हाना मध्यस्थ धावले असते," असे आमच्या घरातून मत पडले.

किनाऱ्यावर उतरून चिमुकले गाव पाहिले, वळणावळणाच्या रस्त्याने डोंगरही चढलो. पण मन अडकले ते वाटेत दिसलेल्या लाकडी घरांत. पाण्यापासून सुमारे अडीचशे मीटर उंच कपारीवर ती बसली आहेत. नाव स्कागेफ्लॉ. रांगती मुले कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत, असे सांगतात. १९१६ साली तिथली माणसे खाली उतरली. समोरचे क्निव्ह्सफ्लॉ १८९८ मध्येच दरडीच्या भीतीने ओस पडले. भीती खोटी नव्हती. १९३४ मध्ये जवळच्या ताफ्योरला कडा पाण्यात कोसळला, प्रचंड लाट उसळली आणि ४० माणसे गेली.

"बाबा, उमरीच्या घराचे काय ठरवलेत?" मुलाने हळूच विचारले.

चार वर्षे आम्ही पुण्यात त्याच्याकडे आहोत. वाड्याला कुलूप आणि गिऱ्हाईक दारात. १९४८ साली स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून निजामाच्या राजवटीला हादरा दिला, ती गोष्ट वडिलांनी आम्हांला त्याच ओसरीवर सांगितलेली. मी गप्प राहिलो.

तेवढ्यात वाटाड्याने सांगितले, की ही ओस घरे हौशी मंडळी अजून डागडुजी करून उभी ठेवतात. १९९३ मध्ये राजा हाराल्ड व राणी सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस स्कागेफ्लॉलाच साजरा केला.

"ऐकलेत का?" सौभाग्यवती म्हणाल्या, "आपल्याला तर पुढल्या वर्षी पन्नास होतील."

दसऱ्याला उमरीस गेलो. कुलूप इतके गंजलेले, की तेल घातल्यावाचून उघडेना. माळवद दोन ठिकाणी गळलेले. विकायचे की ठेवायचे, ते अजून ठरलेले नाही. पण गिऱ्हाइकाला "पुढल्या वर्षी बोलू" असे कळवले आहे, आणि माळवदावर घालायला पांढऱ्या मातीची एक गाडी सांगितली आहे.