पोटापाण्याच्या गोष्टी : पाटी कंपनीची, हात आपले

दिवाळीच्या अंकात नोकरी गेल्याच्या गोष्टी कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. घरोघर चकल्यांचे सोरे फिरत असताना आणि बोनसचे बेत चालले असताना हा अभद्र विषय काढू नये, हे त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण वाकड, रावेत, पुनावळे, पिंपळे सौदागर या बाजूच्या उंच इमारतींत आज अशीही काही बिऱ्हाडे आहेत, की जिथे गॅलरीत आकाशकंदील लागला आहे आणि घरचा कर्ता पुरुष मात्र, किंवा कर्ती बाई मात्र, पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा या विवंचनेत आहे. त्याहून वाईट म्हणजे, ही विवंचना तो कोणाला सांगत नाही. सकाळी पाठीला पिशवी लावून हिंजवडीच्या दिशेने निघतो, कुठेतरी चहाच्या टपरीवर दिवस काढतो आणि संध्याकाळी वेळेवर घरी येतो. अशा माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी हे सदर या खेपेस लिहिले आहे. ज्यांची नोकरी शाबूत आहे त्यांनीही ते वाचावे; कारण छत्री पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक-कंपनीने जाहीर केले, की आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के माणसे कमी करावयाची आहेत. दोन टक्के हा आकडा दिसायला लहान. पण सहा लाखांवर माणसे असलेल्या घरात दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर संसार झाले. आणि ही माणसे प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या पायरीवरची, हेही कंपनीने सांगून टाकले. म्हणजे पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेली, घराचे कर्ज अर्धे फिटलेले, मुले आठवी-दहावीत असलेली. ज्या कंपनीत चिकटले की जन्माची ददात मिटली असे वधूपिते समजत आले, त्या कंपनीचे नाव या बातमीत असावे, याचा धक्का पैशापेक्षा मनाला अधिक बसला.

हा धक्का संगणकवाल्या पिढीला नवा असेल. पिंपरी-चिंचवडच्या मातीला तो नवा नाही. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. सरकारी मालकीचा हा देशातला पहिला औषध-कारखाना. पेनिसिलिन ही माणसाची कायमची गरज आणि सरकार हा कायमचा मालक. तिथली नोकरी म्हणजे दगडावरची रेघ! पण पुढे त्याच कारखान्यात महिनोन्महिने पगार थकले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये जास्तीची जमीन विकून देणी भागवावीत, असा निर्णय केंद्र सरकारला घ्यावा लागला.

आकुर्डीची गोष्ट आणखी बोलकी आहे. बजाजची स्कूटर मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९७२ साली 'चेतक' आली आणि घरात चेतक असणे हे सुस्थितीचे लक्षण झाले. अशा कारखान्यालाही कधी टाळे लागेल, हे कोणाच्या स्वप्नात नव्हते. पण २००७ साली आकुर्डीचे उत्पादन थांबले. काम चाकणला आणि इतरत्र गेले होते. लोकांना स्कूटर नको, मोटारसायकल हवी झाली होती. २००९ मध्ये कंपनीने स्कूटरचा नादच सोडायचे ठरवले. मग गंमत पाहा. २०१९ साली 'चेतक' हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीच्या रूपाने परत आले आणि जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. नाव तेच, गाव तेच. पण इंजिनाच्या जागी मोटार आली आणि कार्ब्युरेटरच्या जागी संगणकी आज्ञावली. वस्तू पुन्हा जन्माला आली, पण जुन्या कामगाराचे काम तिच्याबरोबर परतले नाही.

तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली निघाला आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याचे उत्पादन बंद पडले. हजारावर कामगार कोर्टकचेऱ्या करीत राहिले. २०२३ साली ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. म्हणजे सरकारी, देशी, परदेशी असे तिन्ही मालक या पट्ट्याने पाहिले. तिघांच्याही पाट्या एकदा ना एकदा हलल्या. यात मालक दुष्ट आणि कामगार आळशी, किंवा त्याच्या उलट, असा सोपा निकाल देण्याचे कारण नाही. कंपनी ही धंद्याची मांडणी असते. धंदा बदलला की मांडणी मोडते. तिच्याकडून जन्मभराच्या नात्याची अपेक्षा ठेवली ही आपली समजूत. तसा लेखी शब्द तिने कधीच दिलेला नसतो.

आता संगणकाच्या धंद्याची मांडणी कशी आहे ती पाहू. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या संगणक-कंपन्या आजवर वस्तूपेक्षा माणसांचे तासच अधिक विकत आल्या. अमेरिकेतल्या बँकेचे काम घ्यायचे, त्यावर अमुक माणसे बसवायची आणि त्यांच्या तासांचे बिल लावायचे. ज्याच्या नावे बिल लागत नाही तो 'बेंच'वर, म्हणजे बाकावर. शाळेत बाकावर उभे राहण्याची शिक्षा असे. इथे नुसते बसणेही महागात पडते. टाटा कन्सल्टन्सीने जून २०२५ मध्ये नियमच केला, की वर्षातले निदान २२५ दिवस माणसाच्या नावे बिल लागले पाहिजे आणि बाकावरचे दिवस वर्षाला पस्तीसपेक्षा अधिक नकोत. शिवाय या मांडणीचा आकार देवळाच्या शिखरासारखा : खाली तरुणांची मोठी बैठक, वर थोडे. जसजसे वय वाढते तसतसा पगार वाढतो, वरच्या जागा मात्र वाढत नाहीत. त्यात आता आज्ञावली लिहिण्याचे पुष्कळसे हमालीकाम यंत्रच करू लागले आहे. तेव्हा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एखाद्याला बोलावून "तुमच्यासाठी काम नाही" असे सांगितले जाते, तेव्हा ते त्याच्या अकलेवरचे शेरेबुक नसते. हिशेबाच्या कागदावरची वजाबाकी असते. हे त्याने स्वतःला बजावले पाहिजे, आणि घरच्यांनी त्याला.

मग सगळे दैवावर सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. पाट्या हलल्या तेव्हा या पट्ट्यात काही माणसे कोलमडली आणि काही उभी राहिली, हेही तितकेच खरे आहे. उभी राहिली ती कोणाच्या बळावर?

दुचाकी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे प्रदूषण-नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती आणि केव्हा जावे हे आता एक लहानशी संगणकी पेटी ठरवते. ज्या मिस्त्रीला फक्त कोणता स्क्रू किती फिरवायचा एवढेच पाठ होते, त्याची विद्या त्या दिवशी संपली. पण हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण बिघडले की इंजिन असे का वागते, धूर काळा का आणि पांढरा का, हे ज्याला उमगले होते, त्याला नव्या पेटीची भाषा शिकायला काही महिने लागले, इतकेच. स्क्रू गेला, मिश्रण राहिले.

संगणकवाल्यांचे नेमके हेच आहे. अमुक संगणकी भाषा येते, तमुक अवजार येते, हे झाले स्क्रूचे ज्ञान. ते दर पाच वर्षांनी शिळे होते. मिश्रणाचे ज्ञान म्हणजे, ज्या कामासाठी ही आज्ञावली लिहिली ते काम समजणे. बँकेचे काम करणाऱ्याला दिवसअखेर खाती कशी जुळवतात हे कळते काय? चाकणच्या मोटारीसाठी लिहिणाऱ्याला, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला असता चाक का घसरते आणि सेकंदाच्या कितव्या हिश्शात दाब सोडला पाहिजे, हे कळते काय? १२५ घनसेंटिमीटरवरच्या नव्या मोटारसायकलींना चाक-घसरण रोखणारी ब्रेकयंत्रणा २०१८-१९ पासून सक्तीची झाली. तेव्हा ब्रेक समजणारा संगणकवाला आणि संगणक समजणारा ब्रेकवाला, दोघेही मोलाचे ठरले. या पट्ट्याचे भाग्य असे, की विद्या आणि वस्तू यांच्यात इथे फार तर दोन तासांचा रस्ता आहे; वाहतुकीची कोंडी धरून! हिंजवडीत लिहिलेले चाकणला चालताना बघता येते. जगात फार थोड्या गावांना ही सोय आहे. पण कितीजण ती वापरतात? दहा वर्षे मोटारींच्या आज्ञावली लिहून एकदाही कारखान्याच्या फरशीवर पाऊल न टाकलेले अभियंते आहेत.

कंपन्यांनाही हा धडा चुकलेला नाही. पुण्याच्या केपीआयटी या कंपनीचा जन्म १९९० साली सनदी हिशेबनिसांच्या पेढीतून झाला. पुढे ती नाना प्रकारची संगणकी कामे करू लागली. जानेवारी २०१९ मध्ये मात्र तिने वाटणी करून इतर कामे बिर्लासॉफ्टकडे दिली आणि स्वतःकडे वाहनांच्या आज्ञावलीचे एकच काम ठेवले. आपला कसब नेमका कोणता, हा प्रश्न जर कंपनीला पडतो, तर तो माणसाला पडू नये काय?

आणि अपयशाने दार वाजवले तर त्याचे काय करावे, हे टेल्कोने दाखवून ठेवले आहे. १९९८ च्या डिसेंबरात पिंपरीची 'इंडिका' रस्त्यावर आली. तक्रारींचा पाऊस पडला. त्यातच मालमोटारींची मागणी बसली आणि २०००-०१ साली कंपनीला पाचशे कोटी रुपयांचा तोटा झाला. तो तोटा धीराच्या भाषणांनी भरून आला नाही. अभियंत्यांनी गाडी पुन्हा उघडली, एकेक तक्रार तपासली आणि २००१ मध्ये सुधारलेली इंडिका बाजारात आणली. ती चालली. नोकरी गेलेल्या माणसानेही रडून झाल्यावर, आणि थोडे रडून घ्यावे, तेच करावयाचे असते : आपले गेल्या दहा वर्षांचे काम उघडून बसायचे आणि त्यातले आपले काय व कंपनीचे काय हे वेगळे काढायचे. हुद्दा कंपनीचा, गाडी कंपनीची, हाताखालची माणसे कंपनीची. मग जे उरते ते आपले. ते फार थोडे उरले तर घाबरू नये. पण शिकायला कुठून लागायचे ते त्यावरून कळते.

आता व्यवहाराच्या तीन गोष्टी.

पहिली : घाईने राजीनाम्यावर सही करू नका. "स्वतःहून गेलात तर दाखला चांगला मिळेल" असे गोड बोलून कागद पुढे सरकवला जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या केलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते. जुन्या १९४७ च्या कायद्यातही हे होतेच. राजीनामा दिलात की या भरपाईवर पाणी पडते. संगणकवाला 'कामगार' कसा, असे कोणी हसेल. पण कायदा हुद्द्याचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो आणि तांत्रिक काम त्याने कामगाराच्या व्याख्येत घातले आहे. प्रत्येकाचे प्रकरण वेगळे. म्हणून दोन दिवसांची मुदत मागा, कागदाची नक्कल घ्या आणि वकिलाला किंवा कामगार आयुक्तांच्या कचेरीत दाखवा. पाच वर्षे भरली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनाम्यानंतरही तुमचीच.

दुसरी : पगार चालू असताना सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवा. दुसऱ्या फ्लॅटचे बुकिंग त्यानंतर. शिल्लक असलेला माणूस हाती येईल ती नोकरी पकडत नाही, निवडून घेतो.

तिसरी, आणि सर्वांत अवघड : घरी सांगा. त्याच दिवशी सांगा. बायकोला सांगा, आईवडिलांना सांगा, जाणत्या मुलांनाही सांगा. चहाच्या टपरीवर काढलेला प्रत्येक दिवस हा काम शोधण्यातून वजा झालेला दिवस आहे. आणि घरच्यांनो, विशेषतः सासरेमंडळींनो, दिवाळसणाला आलेल्या जावयाला "सध्या कुठे?" हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. त्याऐवजी "सध्या काय शिकताय?" असे विचारा. पाहा, चेहरा कसा बदलतो तो.

खंडेनवमीला भोसरीच्या वर्कशॉपांत लेथला, ड्रिलला, व्हर्नियरला झेंडूची माळ घालतात. आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांतही संगणकाला हळदकुंकू लागते. आपल्या वाडवडिलांनी पूजा हत्याराची सांगितली आहे. दारावरच्या पाटीची पूजा कुठल्याच पोथीत सांगितलेली नाही. पाटी मालकाची, तो ती आज लावील, उद्या उतरवील. हत्यार हातात असेल आणि त्याला धार असेल, तर आज ना उद्या दुसऱ्या पाटीखाली, किंवा स्वतःच्याच पाटीखाली, काम मिळते.

ज्यांच्या घरी या वर्षी बोनस आला त्यांना शुभेच्छा. ज्यांच्या घरी नोटीस आली त्यांना अधिक शुभेच्छा. कारण त्यांना त्यांची गरज अधिक आहे.