निकाहपूर्व तपासणी : यादीतला एक नको असलेला शब्द



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलीचा निकाह ठरला. मुलाकडच्यांनी लॅबच्या 'प्री-मॅरिटल पॅकेज'ची यादी पाठवली आणि त्यात 'हर्पिस' हा शब्द आहे. त्या लिहितात, "मुलीला कसलाही त्रास नाही. ही तपासणी करावी का? नको म्हटले तर आपण काही लपवतो आहोत, असे त्यांना वाटेल."

प्रश्न नाजूक आहे, म्हणून उत्तर सरळ देते. काही त्रास नसेल तर हर्पिसची रक्ततपासणी करू नका. मुलीचीही नको, मुलाचीही नको.

आधी एक गैरसमज दूर करू. हा हर्पिस म्हणजे नागीण नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. हा विषाणू वेगळा आणि त्याचे दोन प्रकार आहेत. टाइप 1 बहुधा लहानपणीच लाळेतून येतो. घरातल्या कुणी मायेने पापा घेतला, एवढेही पुरते. पुढे कधी ताप आला की ओठाच्या कडेला पाणीदार फोड येतात, ते यामुळेच. टाइप 2 मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 50 वर्षांखालील 100 पैकी 64 जणांच्या शरीरात टाइप 1 आहे, तर 15 ते 49 वयोगटातील 100 पैकी 13 जणांच्या शरीरात टाइप 2. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

रक्ततपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. त्यामुळे टाइप 1 'पॉझिटिव्ह' आला तरी तो कधी आला, कोणाकडून आला, शरीरात कुठे आहे, यातले काहीच कळत नाही. टाइप 2 ची तपासणी तर बऱ्याचदा चुकते. लक्षणे नसलेल्यांत आलेल्या 'पॉझिटिव्ह' निकालांपैकी जवळपास निम्मे खोटे असू शकतात, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाचा हिशेब आहे. म्हणून त्यांनी 2016 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये लक्षणे नसलेल्यांची सरसकट तपासणी करू नये, असे सांगितले. 'आयजीएम' नावाची तपासणी तर या कामासाठी भरवशाचीच नाही. उलट, संसर्ग नुकताच झाला असेल तर निकाल 'निगेटिव्ह'ही येतो, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला 12 आठवडेही लागू शकतात.

शिवाय निकाल काहीही आला तरी पुढे करायचे काय? विषाणू मुळासकट घालवणारे औषध नाही, आणि त्रास नसलेल्याला सहसा उपचार लागत नाहीत. हाती उरतो तो फक्त संशय. लहानपणीच्या एका पाप्याच्या खुणेवरून निष्पाप मुलीच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते आणि नाते तुटते. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे, हे इथे विसरू नये.

मग तपासणी कधी करावी? जननेंद्रियाजवळ फोड किंवा जखम असेल तर ती ओली असतानाच डॉक्टरांना दाखवा. जखमेचा स्वॅब घेऊन केलेली पीसीआर तपासणी खात्रीची. जोडीदाराला हा आजार असल्याचे निदान झाले असेल तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्या. गरोदरपणात पती-पत्नीपैकी कुणालाही असे फोड आले असतील किंवा पूर्वी येत असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. प्रसूतीच्या वेळी बाळाला संसर्ग झाला तर तो गंभीर ठरू शकतो.

ज्याला किंवा जिला पूर्वी हे निदान झाले आहे, त्याने निकाहपूर्वी समोरच्याला विश्वासात घेऊन सांगावे. औषधांनी फोड कमी होतात आणि जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही घटतो. संसार सुखाने होऊ शकतो.

यादीत खरोखर हवे ते असे : दोघांचेही हिमोग्लोबिन, रक्तगट, थॅलेसेमिया, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस. चुलत-मामे-मावस नात्यात निकाह असेल तर थॅलेसेमियाची तपासणी मुळीच टाळू नका.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगेन : ही यादी आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि मग मुलाच्या आईशी मोकळेपणाने बोला. म्हणा, "आपा, उपयोगाच्या सगळ्या तपासण्या दोन्ही मुलांच्या करू आणि रिपोर्ट एकमेकांना दाखवू. हर्पिसची तेवढी वगळू, कारण तिचा निकाल भरवशाचा नसतो." असे मोकळे बोलणे झाले की लपवाछपवीची शंका उरणार नाही, इन्शाअल्लाह.