हेतु कीं परिणाम?

परवां आमचा नातू शाळेंतील एक इंग्रजी उतारा घेऊन आमच्यापाशीं आला. विषय आमच्या दौलताबादचाच. महंमद तुघलकानें १३२७ सालीं देवगिरीस राजधानी केली, दिल्लीची मंडळी येथें आणविली आणि १३३५ च्या सुमारास त्यांना परतण्याची मुभा दिली, एवढी ती हकीकत. उताऱ्यांत ‘आणिलें’ या क्रियापदापुढें ‘ओन्ली टु’ घालून ‘परत पाठविणें’ जोडलें होतें. मुलानें भाषांतर केलें, “सुलतानानें लोकांना परत पाठविण्यासाठींच येथें आणिलें.”

आम्हीं विचारिलें, “बाळ, सुलतानाचा बेत हाच होता काय?”

तो म्हणाला, “आजोबा, ‘टु’ म्हणजे ‘साठीं’ असेंच आम्हांला शिकविलें आहे.”

शिकविलें तें खोटें नाहीं, अपुरें आहे. किल्ल्याभोंवतीं खंदक खोदला तो शत्रूस अडविण्यासाठीं. तेथें ‘टु’ हेतु दाखवितो. ‘इन ऑर्डर टु’ म्हटलें कीं तोच हेतु ठासून सांगितला जातो. परंतु ‘आजोबा जगले आणि त्यांनीं पणतू पाहिला’ हें सांगतांनाही इंग्रज ‘टु’ योजतो. तेथें पणतू पाहणें हा जगण्याचा हेतु नव्हे, घडून आलेलें फल होय. मागें ‘ओन्ली’ लागलें कीं तें फल बहुधा इच्छेच्या विपरीत निघालें असें समजावें. आपला संस्कृत तुमुन् प्रत्यय हेतूस शोभतो. अशा विपरीत फलास तो लाविल्यास अर्थाचा अनर्थ होतो. मराठींत तेथें वाक्य मोडावें: “सुलतानानें लोकांना येथें आणिलें, पण शेवटीं परत पाठविलें.”

मराठीच्याही स्वतःच्या छटा आहेत. ‘सूनबाई पाणी आणावयास गेली नाहीं’ म्हणजे ती गेलीच नाहीं. ‘पाणी आणण्यासाठीं गेली नाहीं’ म्हटल्यास ती गेली असेल, पण दुसऱ्याच कामास, अशीही शंका निघते.

ही बाब केवळ व्याकरणाची नाहीं. नांदत्या घरांत ‘माझें मन दुखविण्यासाठींच तो असें बोलला’ हें वाक्य किती सहज उच्चारिलें जातें! तरुणपणीं धाकट्या बंधूच्या एका शब्दाचा आम्हींच असा अर्थ केला आणि वर्षभर अबोला धरिला. शब्द लागला होता खरा. पण लागावा म्हणून तो बोललाच नव्हता.

नातवानें आपलें वाक्य घटकाभरांत दुरुस्त केलें. आम्हांस आमचें दुरुस्त करावयास वर्ष लागलें.