ढाल काय अडवत नाही, ते आधी पाहा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पोरांनो, पोरींनो, आणि रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपनीतली पाळी संपवून खोलीवर आल्या आल्या मोबाइल उघडणाऱ्या दादांनो, ही विनंती तुम्हाला आहे. ‘गेम खेळू नका’ हे सांगायला घरात आई-वडील आहेत, शाळेत गुरुजी आहेत, आणि त्यांचं किती ऐकलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. खेळायचं तर डोकं लावून खेळा. गेममधल्या रोबोला ढाल असते, तशी ती खेळणाऱ्याच्या खिशाला, झोपेला आणि जिवालाही लागते. आणि कुठलीही ढाल हातात आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही काय अडवत नाही?

आधी गेमचंच बोलू. ‘वॉर रोबोट्स’ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पिक्सोनिक कंपनीचा हा गेम २०१४ साली मोबाइलवर आला, तेव्हा त्याचं नाव ‘वॉकिंग वॉर रोबोट्स’ होतं. ६ विरुद्ध ६ खेळाडू, फार तर १० मिनिटांची लढाई, मैदानात ५ बीकन, म्हणजे ताब्यात घ्यायच्या जागा. हँगरमध्ये पाच रोबो उभे करता येतात. एक पडला की दुसरा उतरवायचा. नवा खेळाडू हँगर पाहतो आणि ढालवाल्या रोबोवर त्याचा जीव जडतो. ढाल आहे म्हणजे आपल्याला काही होत नाही, असं समजून तो मैदानाच्या मधोमध चालत जातो आणि अर्ध्या मिनिटात जमीनदोस्त होतो. मग म्हणतो, रोबोच भंगार आहे.

रोबो भंगार नसतो. या गेममध्ये जुन्या काळापासून ढालीच्या मुख्य जाती दोन. एक फिजिकल शिल्ड, म्हणजे ठोस पोलादी ढाल. गॅलाहॅड या रोबोला ती मुळातच असते, आणि ‘एक्यू’ नावाची ढाल लाइट स्लॉटमध्ये वेगळी बसवता येते. दुसरी एनर्जी शिल्ड, आरपार दिसणारी. कार्नेज या रोबोला ती मुळात मिळते, आणि ‘अँसाइल’ या नावाने हेवी स्लॉटमध्येही लावता येते. फिजिकल शिल्ड समोरून येणाऱ्या गोळ्या आणि एनर्जीचा मारा झेलते, पण रॉकेट शेजारी फुटलं तर स्फोटाचा मार ढालीमागे पोचतो. एनर्जी शिल्डचं उलटं. ती गोळ्या आणि रॉकेटं झेलते, पण मॅग्नम किंवा तारानसारख्या एनर्जी हत्यारांना ती जणू दिसतच नाही. मारा सरळ आत येतो. शिवाय शत्रू अगदी अंगाला भिडून शिल्डच्या आत शिरला, तर मग कुठल्याही हत्याराने तो तुम्हाला मारू शकतो.

डाळिंबाच्या बागेवर जाळी टाकली की पाखरं थांबतात, तेल्या रोग थांबत नाही. ज्याला हे कळतं तो जाळीच्या भरवशावर फवारणी सोडत नाही. कार्नेज घेऊन उतरणाऱ्यानेही समोरच्याच्या हातात काय आहे ते आधी बघावं. मॅग्नमवाला दिसला तर भिंतीची आड घ्यावी, गोळ्या झाडणारा पनिशरवाला दिसला तर पुढे सरकावं. अपडेट आलं की आकडे बदलतात, काही ढालींचे गुणही बदलतात. म्हणून कोणाच्या व्हिडिओवर विसंबू नका. रोबोचं आणि हत्याराचं कार्ड स्वतः उघडा आणि वाचा. दोन मिनिटं लागतात.

आता चालवायचं कसं ते. ढालीला तोंड असतं. फिजिकल ढाल जिकडे वळलेली, तिकडेच राखण, पाठ उघडीच. त्यामुळे ढालवाल्या रोबोने दोन शत्रूंच्या मध्ये कधी सापडू नये. भिंतीच्या कडेला उभं राहायचं असेल तर ढालीची बाजू बाहेर आणि उघडी बाजू भिंतीकडे ठेवा. राइजिन आणि फुजिन हे रोबो लढाईत हवी तेव्हा ढाल उघडतात. असा रोबो घेतला असेल तर ढाल उघडण्याआधी जागा निवडा: पाठीशी इमारत हवी, समोर मोकळं हवं आणि नजरेच्या टप्प्यात बीकन हवा. गोळ्या संपून हत्यार रिलोड होत असताना समोर उभं राहून मार खाण्यात शौर्य नाही. तेवढा वेळ आडोशाला या. अँसाइलवर मारा थांबला की ती पुन्हा भरून येते. या वेळेचा उपयोग करणारा खेळाडू एका ढालीवर तीन चकमकी काढतो.

आणि ढालवाल्याने पाठलाग करू नये. पळणारा शत्रू तुम्हाला त्याच्या सोबत्यांसमोर ओढून नेत असतो. ढालवाल्याचं काम बीकनवर पाय रोवून उभं राहणं आणि मागच्या सोबत्याला गोळीबारासाठी वेळ मिळवून देणं. डॉमिनेशन या लढाईच्या प्रकारात शेवटी बीकन कोणाच्या ताब्यात जास्त वेळ राहिले त्याच्यावर निकाल लागतो. पाडलेल्या रोबोंची संख्या गावात मित्रांना सांगायला बरी वाटते. टीम मात्र बीकन राखणाऱ्यामुळे जिंकते.

हत्यारं लावताना सगळ्यात मोठी चूक पल्ल्याची होते. ओर्कनचा पल्ला ३०० मीटर, मॅग्नमचा ३५०, पनिशरचा ५००, ट्रेबुशेचा ११००. एका खांद्यावर ३०० मीटरचं आणि दुसऱ्यावर ११०० मीटरचं हत्यार लावलं तर तुम्ही कुठेही उभे राहा, त्यातलं एक वाया जाणार. ढालवाला रोबो जवळ जाऊन लढण्यासाठी असतो, तेव्हा त्याला जवळच्याच पल्ल्याची, एकसारखी हत्यारं लावा. हँगरमध्ये एक तरी रोबो एनर्जी हत्यारांचा ठेवा, म्हणजे समोर कार्नेज आला की हात चोळत बसावं लागणार नाही. आणि पाचही रोबो थोडे थोडे वाढवण्यापेक्षा आधी एक, मग दुसरा, असे पूर्ण वाढवा. अपग्रेडला पुढे तास आणि दिवस लागतात. लागू द्या. वाट न पाहता अपग्रेड उरकण्यासाठी गोल्ड, म्हणजे गेममधलं चलन, खर्च करणं ही या गेममधली सगळ्यात महाग घाई आहे.

इथून मी घराकडे वळतो, कारण गोल्ड शेवटी बापाच्या खात्यातून येतं.

हा गेम फुकट उतरवता येतो आणि फुकट खेळताही येतो. कमाई होते ती गोल्ड, चावी, नवा रोबो विकून. नवा रोबो येतो तेव्हा भारी असतो. सगळे त्याच्या हातून मार खातात आणि मग तोच घ्यावासा वाटतो. काही महिन्यांनी रीबॅलन्स येतो, त्याची धार कमी होते आणि दुसरा नवा रोबो दुकानात लागतो. ज्याने पहिल्यासाठी पैसे मोजले त्याच्या हातात जुना रोबो उरतो. चावी लावून पेटी उघडायची असेल तर आत काय निघेल तेही नक्की नसतं. पैसे देऊन उघडायच्या अशाच पेट्यांना बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली जुगार ठरवलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर त्याने बंदी आणली. रमीच्या ॲपने ज्यांची घरं पोखरली, त्यांच्यासाठी ते चांगलंच झालं. पण रोबोसाठी गोल्ड घेण्यात जिंकून पैसे परत येण्याची आशाच नसते. त्यामुळे ‘आता कायदा आला, पोरगं सुरक्षित आहे’ असं कोणी समजू नये. ही कायद्याची ढाल या गोळीला अडवणारी नाही. इथे राखण घरातच करावी लागेल.

तेव्हा आई-बाबांनो, काकांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी. मुलाच्या हातातल्या फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पडताळणी लागेल असं करून ठेवा. ज्या खात्यात दुधाचा किंवा उसाचा पैसा येतो, त्याचं यूपीआय मुलाच्या फोनवर नको आणि पिन तर मुळीच सांगू नका. बँकेचे मेसेज स्वतः वाचा. वाचता येत नसतील तर घरातल्या दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या, गेम खेळणाऱ्याकडून नको. आणि नकळत खरेदी झालेली दिसली तर पोराला बडवण्याआधी परताव्याचा अर्ज करा. पहिल्या ४८ तासांत गुगल प्लेकडे परतावा मागणं सोपं असतं. मारून पैसे परत येत नाहीत. उलट पुढच्या वेळी पोरगं लपवतं.

खेळणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही एक. ‘फुकट गोल्ड’, ‘अनलिमिटेड सिल्व्हर’, ‘हॅक केलेलं ॲप’ अशी लिंक आली तर ती तुमच्या खात्याला लावलेली शिडी समजा. स्वस्तात भरलेला हँगर विकतो म्हणणारा अनोळखी माणूस पैसे घेऊन गायब होतो आणि दिलेलं अकाउंटही बंद पडतं. फसवणूक झालीच तर लाज बाळगू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

आता झोप आणि जीव. शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे आपल्याकडे कोणाला नवं नाही. रात्रीच्या लाइटवर मोटार चालू करायला गेलेला पोरगा तिथेच बांधावर बसतो, रेंज बरी मिळते म्हणून गेम लावतो आणि कानात हेडफोन घालतो. घोड आणि भीमेच्या काठचा ऊस आता बिबट्याचं घर झाला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलंही गेली. खाली बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटतो, आणि स्क्रीनच्या उजेडात डोळे दिपले की दहा फुटांवरचं दिसत नाही. म्हणून अंधारात उघड्यावर बसून खेळू नका, हेडफोन तर नकोच. मोटारीला जाताना दोघं जा, बॅटरी आणि काठी घ्या, मोठ्याने बोलत जा. बिबट्या दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा. खेळायचं ते घरात येऊन.

कंपनीतल्या दादांनो, रात्रपाळी करून आल्यावर ‘एकच मॅच’ म्हणून दुपार घालवू नका. पुढच्या पाळीत तुमचे हात खऱ्या मशीनवर असणार आहेत, आणि तिथे दुसरा रोबो उतरवता येत नाही. मॅच १० मिनिटांची असते, म्हणून किती मॅच खेळायच्या ते बसण्याआधीच ठरवा आणि फोनवर तसा गजर लावा. हरल्यावर ‘ही तरी जिंकून उठतो’ म्हणू नका. चिडलेला खेळाडू ढाल विसरून मैदानात धावतो, हे तुम्हीच रोज पाहता. आणि गेम सोडवतच नाही, जेवण-झोप तुटली, घरात भांडणं वाढली, असं झालं तर १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

शेवटचं आवाहन ज्यांना रोबो खरोखर आवडतो त्यांना. दुरून चालवायचे रोबो आपल्या जिल्ह्यात खरे बनतात. बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ हा रोबो पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने तयार केला, आणि २०११ मध्ये तो लष्कराकडे गेला. माणूस लांब सुरक्षित उभा राहतो आणि यंत्र स्फोटकाजवळ जातं. आणि शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेल्या पोरांनी हाताने काम करत शिकावं, वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती सगळं करून पाहावं, ही त्यांची रीत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून पाहायची प्रयोगशाळा, उभी राहिली. अशा प्रयोगशाळा तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

गेममध्ये कोणत्या स्लॉटला काय बसवायचं, वजन, पल्ला, ढाल यांचा मेळ कसा घालायचा, हे ज्याला कळतं त्याच्या डोक्यात यंत्राची जाण असते. ती फक्त गोल्ड विकत घेण्यात घालवू नका. शिरूरहून, दौंडहून पाबळ फार लांब नाही. सुटीच्या दिवशी दोन मित्र मिळून आधी फोन करा, वेळ विचारा आणि जाऊन बघा. तिथे वापरलेली मोटार, पत्रा, तारा हातात घ्या, आणि आपण बनवलेली पहिली वस्तू कुठे मोडते ते स्वतः शोधून काढा.