मिळून केलेला अभ्यास

बारावीची रसायनशास्त्राची परीक्षा जवळ आली, की काही विद्यार्थी आपली टिपणे सोबत्यांपासून दडवून ठेवतात. मला ही रीत अहिताची वाटते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणीकडची चुनखडीच पाहा. ती भाजली असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व चुना उरतो. हाच वायू चुन्याच्या निवळीत सोडला, तर निवळी दुधाळ होते. एवढे पाठ करणे सोपे आहे. परंतु "वायू सोडीतच राहिलो, तर ती पुन्हा स्वच्छ का होते?" असे सोबत्याने विचारले, म्हणजे आपली उणीव ध्यानी येते. न विरघळणारे कार्बोनेट विरघळणारे बायकार्बोनेट बनते, हे त्याला समजावून देताना आपल्यालाच नीट उमगते. मुलांनो, आधी एकट्याने वाचा. मग चौघांत बसा. उत्तरपत्रिका ज्याची त्यानेच लिहावयाची असते. समजूत मात्र वाटल्याने वाढते.