करंटने पाय हलतात तेव्हा

मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग गेले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "करंट देऊन पाय परत येतील का?" उत्तर नीट समजून घ्यायला हवे, कारण या आशेपायी घरे कर्जात जातात.

'सुपरमॅन' चित्रपटाचा नायक ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली घोड्यावरून पडला. मानेतला मज्जारज्जू दुखावला, श्वासही यंत्रावर आला. पुढे त्याने करंटवरच्या सायकलचा व्यायाम सुरू केला. यात मांडीच्या पुढच्या-मागच्या आणि नितंबांच्या स्नायूंवर चिकटपट्ट्या लावतात. यंत्र त्यांत आळीपाळीने प्रवाह सोडते. तिथली नस चेतते, स्नायू आखडतो, पायडल फिरते. मेंदूचा निरोप वाटेत अडलेला असतो. यंत्र तो खालीच तयार करते.

२००२ साली त्याचे डॉक्टर जॉन मॅकडोनाल्ड यांनी लिहिले, की त्याला स्पर्श कळू लागला, बोट हलू लागले. जगभर गाजावाजा झाला. पण तो एकच रुग्ण, आणि त्याच्यावर इतरही उपचार चालू होते. श्रेय एकट्या सायकलला कसे द्यायचे? २००४ साली तो वारला. चालू मात्र शकला नव्हता.

मग फायदा काय? वाळलेली मांडी भरते, पायांत रक्त खेळते, हृदयाला व्यायाम होतो. माझ्या मते हेही थोडके नाही. व्यायाम सोडला की मांडी पुन्हा वाळते.

हा उपचार सर्वांना चालत नाही. पाय मधूनच ताठत, उडत असतील तर खालच्या नसा बहुधा शाबूत असतात. (घरच्यांना वाटते, पाय बरा होतोय. तसे नव्हे.) पाय अगदी लुळे असतील तर नसच मेलेली असू शकते, मग या यंत्राचा उपयोग होत नाही. दुखण्यावरचे टेन्स यंत्रही वेगळे, ते घेऊन पायडल फिरणार नाही.

पायाला संवेदना नसल्याने कातडी भाजली तरी कळत नाही. हाडे ठिसूळ झालेली असतात, म्हणून आधी तपासणी हवी. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. इजा छातीच्या ६व्या मणक्याच्या वर असेल तर व्यायाम चालू असताना रक्तदाब एकदम चढू शकतो. डोके ठणकले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, की यंत्र बंद करा, रुग्णाला उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का पाहा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा.